आधी वाट द्या, मग मूल एकटं सोडा

पुण्यातल्या माझ्या बहिणीचा मुलगा येत्या जूनमध्ये सहावीत जाईल. शाळा घरापासून किलोमीटरभरही नाही, तरी तो व्हॅननं जातो. आता त्यानं एकट्यानं चालत जावं का, यावरून घरात दोन तट पडलेत. ‘आम्ही नाही का गेलो चालत? हल्लीच्या आईबापांनीच पोरं घाबरट करून ठेवलीत,’ असं वडीलधारी मंडळी म्हणतात. बहीण विचारते, ‘तुमच्या वेळी रस्त्यावर एवढ्या गाड्या होत्या का?’ मग फोन माझ्याकडे वळतो. ‘तुमच्या जर्मनीत पहिलीतली पोरंही एकटी जातात ना गं?’

जातात. इथे स्टुटगार्टला माझी दुसरीतली मुलगी शेजारच्या मैत्रिणींबरोबर चालतच शाळेत जाते. पण हे उदाहरण बहिणीला गप्प करायला वापरलं जातं, तेव्हा मला राग येतो. इथल्या आया तिच्यापेक्षा धीट नाहीत. त्यांच्या वाटणीचं बरंचसं काम इतरांनी आधीच करून ठेवलेलं असतं.

इथे सरकारी प्राथमिक शाळा राहत्या पत्त्यावरून ठरते, म्हणून ती सहसा चालत जाण्याच्या अंतरावर असते. शाळेच्या वाटेचा नकाशा मिळतो. कुठल्या गल्लीतून जायचं, रस्ता कुठे ओलांडायचा, कुठल्या कोपऱ्यावर जास्त सांभाळायचं, हे सगळं त्यात दाखवलेलं असतं. ओलांडायच्या जागी फुटपाथवर पिवळी पावलं रंगवलेली असतात. पोलीस येऊन मुलांकडून रस्ता ओलांडायचा सराव करून घेतात. पहिली सुरू होण्याआधीच्या सुट्टीत पालकांनी मुलाला घेऊन तीच वाट पुन्हा पुन्हा चालावी, असं शाळा सांगते. आम्हीही चाललो. अजूनही माझी मुलगी फुटपाथच्या कडेला बूट टेकवून थांबते, आधी डावीकडे बघते, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि गाडीवाल्याची नजर आपल्याकडे वळेपर्यंत पाऊल उचलत नाही. (पुण्यात आलो की हीच सवय धोक्याची ठरते. तिथे जवळची गाडी उजवीकडून येते, त्यामुळे सुट्टीला आल्यावर मी तिचा हात सोडत नाही.) सिग्नलच्या खांबावर मोठ्यांसाठीही पाटी दिसते: हिरवा लागल्यावरच ओलांडा, मुलं बघताहेत. रस्ता मोकळा असला तरी बहुतेक लोक थांबतात. शिवाय १९७१पासून शाळेत जाता-येताना होणाऱ्या अपघाताला सरकारी विम्याचं संरक्षण आहे. कितव्या वर्षापासून एकटं सोडायचं, हे कायद्यात लिहिलेलं नाही. ते पालक ठरवतात.

हे सगळं जर्मनांच्या रक्तातच आहे, असं कुणी म्हटलं तर मला पटत नाही. १९७० साली पूर्व आणि पश्चिम जर्मनी मिळून रस्त्यांवर २१ हजारांहून जास्त माणसं मेली. आज गाड्या कितीतरी वाढल्या, तरी तो आकडा तीन हजारांच्या आत आलाय. त्यासाठी गाड्यांचा वेग उतरवला. १९८३मध्ये बुक्सटेहुडं नावाच्या छोट्या गावात ताशी ३० किलोमीटरचा पहिला विभाग करून पाहिला; आज वस्तीतल्या गल्ल्यांमध्ये तो वेग सर्रास दिसतो. २०२४मध्ये नियम आणखी सैल झाले आणि मुलांची वर्दळ असलेल्या शाळेच्या वाटांवर ३०ची मर्यादा घालणं पालिकांना सोपं झालं. वाहनवाल्यांची कुरकुर इथेही होतेच.

आता बहिणीचा रस्ता. फुटपाथ आहे, पण मध्येच विजेचा डीपी येतो, पुढे दुचाक्या लावलेल्या, आणि सिग्नल लागला की मागून त्यावरच स्कूटर चढते. राँग साइडनं येणाऱ्याला कुणी हटकत नाही. २०२२मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दिवसाला सरासरी ९०. हा आकडा समोर असताना आईला घाबरट म्हणणं मला क्रूर वाटतं. पुणे महापालिकेनं पादचारी धोरण २०१६मध्येच मंजूर केलंय. चालण्याजोगे फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानंही मे २०२५मध्ये म्हटलंय. मग घरातल्या भांडणात नगरसेवकाचं आणि पालिकेचं नाव का निघत नाही?

बहिणीची दुसरी भीती अनोळखी माणसाची. मुलगी असती तर हा विषयच काढला नसता, असं ती म्हणते. ती भीती मी उडवून लावणार नाही. रस्त्यात मुलींना त्रास होतो, हे आम्ही दोघींनी अनुभवलंय. पण ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरला लहानग्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, ते शाळेच्या आवारातलं होतं. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालच्या, गुन्ह्यांत बहुतेक आरोपी मुलांच्या ओळखीचेच निघतात, हे सरकारी अहवालांतून वारंवार दिसलंय. मूल गाडीत बसवलं की सुरक्षित, हा भरवसा त्यामुळे अपुरा आहे.

आणि एक गोष्ट या चर्चेत मला फार खटकते. मूल चालत पाठवावं की नाही, हा प्रश्न ज्यांना व्हॅन परवडते त्यांनाच पडतो. वाड्या-वस्त्यांवरची मुलं आजही चालतात, त्यांना कुणी विचारत नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीसाठी तीन. तरी २०२३मध्ये राज्य सरकारनं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचा विचार पुढे आणला. वाहन देऊ म्हणतात. पण पावसाळ्यात ते वाहन आलं नाही, तर सात वर्षांच्या मुलीनं काय करायचं? जवळची शाळा टिकवणं हाही चालण्याचाच प्रश्न आहे.

जर्मनीतही सगळं आलबेल नाही. इथेही कितीतरी पालक मुलांना अगदी फाटकाशी गाडीतून उतरवतात, आणि त्याच गाड्यांमुळे चालत येणारी मुलं अडचणीत येतात. शाळा दरवर्षी विनवण्या करतात. भाच्याच्या शाळेसमोर साडेबाराला व्हॅन, रिक्षा आणि मोटारींची जी कोंडी होते, तीही रस्त्याला भिणाऱ्या घरांनीच आणलेल्या वाहनांची असते.

बहिणीला मी एवढंच सुचवलंय. मे महिन्यात त्याच्याबरोबर ती वाट चालून बघ. सोसायटीतली त्याच शाळेत जाणारी मुलं गोळा कर आणि त्यांना एकत्र पाठव. चौकातलं एकच क्रॉसिंग खरं अवघड आहे. तिथे पहिले काही आठवडे आळीपाळीनं एकेका घरातलं मोठं माणूस उभं राहू दे, आजोबांनाही चालेल. आणि शाळेच्या पहिल्याच पालकसभेत लेखी मागणी दे: शाळा भरताना आणि सुटताना अर्धा तास फाटकासमोरचा रस्ता वाहनांना बंद, चौकात वाहतूक पोलीस, फुटपाथवरचा डीपी हलवायला पालिकेला शाळेचं पत्र. सह्या गोळा करायला तिनं सोसायटीतल्या दोघींना आधीच विचारलंय.