बाप नव्हे, लांबचा चुलतभाऊ

वटवाघळातला आरएटीजी१३ हा विषाणू कोरोनाच्या विषाणूशी ९६ टक्के जुळतो, म्हणजे तोच कोरोनाचा बाप, हे कोरोना कुठून आला यावरच्या लेखातलं वाक्य खटकलं. विषाणूच्या जवळपास ३०,००० अक्षरांच्या आरएनएत (म्हणजे त्याच्या जनुकीय मजकुरात) ४ टक्के म्हणजे साधारण १,२०० अक्षरांचा फरक. तेवढा पडायला काही दशकं जातात. लाओसच्या वटवाघळांतल्या बनाल-५२ या विषाणूचा पेशीला चिकटणारा भाग तर कोरोनाशी याहून कितीतरी जास्त जुळतो. त्याचा उल्लेखच नाही!

आम्ही रावेरकडचे केळीवाले. रोगाचं मूळ ठरवायची अशी घाई मीही केलीय. सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) या विषाणूचे पिवळे पट्टे पानावर दिसले की झाड उपटून गाडायचं, आणि मग भांडण: रोपंच खराब होती की बाहेरून आलं? मी रोपवाल्याशी दोन महिने अबोला धरला. नंतर बांधावरच्या काकडीची पानं उलटून बघितली, तर खाली मावाच मावा, म्हणजे हा विषाणू झाडोझाडी नेणारी कीड.