पडा, उठा, मोटर लावा

सोलापुरात, तेही भर मे महिन्यात, "जरा रिलॅक्स होत चला" असा सल्ला देणारा डॉक्टर नक्की बाहेरगावचा असणार. बाहेर 43 अंश, पंखा तीच गरम हवा गोल फिरवतोय, आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. त्यातही नेमकं कधी, ते नळालाच ठाऊक. योगासनं करून पाहिली. शवासनात शेजारच्या मोटरचा आवाज कानावर पडला आणि प्रेत बादल्या घेऊन धावलं.

शेवटी मेहुण्याने त्याचा जुना प्लेस्टेशन आणून दिला. आत 'टोनी हॉक्स प्रो स्केटर 1+2', म्हणजे चाकांच्या फळीवरून, स्केटबोर्डवरून, करामती करायचा खेळ. त्यातले गडी खरेखुरे स्केटर, आणि टोनी हॉक त्यांच्यातलाच नावाजलेला. मूळ खेळ 1999 आणि 2000 सालचे. 2020 मध्ये दोन्ही नव्याने घडवून एकत्र विकायला काढले. दुसरा भाग आम्ही पोरं मित्राच्या कॉम्प्युटरवर आळीपाळीने खेळायचो. तेव्हा त्यातली माणसं चौकोनी तोंडाची होती. आता जुन्या गड्यांचं वाढलेलं वयसुद्धा तोंडावर दिसतं. हे पुढे मला महागात पडलं.

खेळ साधा आहे. दोन मिनिटं मिळतात. तेवढ्यात इंग्रजी 'स्केट'ची पाच अक्षरं गोळा करायची, लपवलेली व्हिडिओ कॅसेट शोधायची आणि गुण कमवायचे. उडीत फळी पायाखाली गिरकवली की किकफ्लिप, कठड्यावरून घसरत गेलं की ग्राइंड, दोनच चाकांवर तोल सांभाळला की मॅन्युअल. एकाला एक जोडत जायचं. सगळ्यांच्या गुणांची बेरीज, आणि जितक्या करामती जोडल्या तितक्याने गुणाकार. मात्र शेवटी नीट उतरलात तर! मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, त्यामुळे मला हे चटकन समजलं. उधारीवर माल पाठवल्यासारखंच की. वहीत आकडा फुगत जातो, पण पार्टी पैसे टाकेपर्यंत खात्यात भोपळा.

आणि पडलात तर? पडदा क्षणभर फाटल्यागत होतो, गडी पुन्हा फळीवर. एक्सरे नाही, टाके नाहीत, "बघून चालता येत नाही का?" नाही. दिवसभर व्यापाऱ्यांचे फोन घेतल्यावर कुणी एवढं निमूटपणे आपटतंय आणि त्याचा जाब मला कुणी विचारत नाही, याचं सुख काय सांगू! अजिबात न पडण्याची सोयसुद्धा सेटिंगमध्ये आहे. मी ती लावत नाही. तशी सोय सात रस्ता चौकापासून घरापर्यंतच्या खड्ड्यांसाठी कुणी काढली, तर तिचे पैसे मात्र रोख देईन.

एक दुष्परिणाम झाला. गाव वेगळंच दिसायला लागलं. सिद्धेश्वर तलावाचा कठडा दिसला की मी मनातल्या मनात त्यावरून घसरतो. किल्ल्याच्या भिंतीवर कुठून चढता येईल, होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे उभे राहिले की कुठल्या पाळण्यावरून कुठल्यावर झेप बसेल, याची गणितं चालू असतात. परवा रस्त्याकडेला पडलेल्या पाण्याच्या पाइपकडे टक लावून उभा होतो. मित्राने गाडी थांबवली.

"काय बघलालास बे?"

"इथून सुरू केलं तर थेट चौकापर्यंत ग्राइंड होतंय."

त्याने माझ्या कपाळाला हात लावला आणि काही न बोलता लिंबू सरबताच्या गाड्यावर नेलं.

घरी खरी पंचाईत त्या दोन मिनिटांची. "अगं, दोन मिनिटं!" असं बायकोला आजवर शेकडो वेळा सांगितलंय, पण आमच्याकडे दोन मिनिटं कधी कुणी घड्याळ लावून मोजलेली नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा खरोखर दोनच मिनिटं हवी होती, तर तिचा विश्वास बसेना. गुणाकार चांगला रंगात आला की हटकून आतून हाक येते, "अहो, पाणी आलं!"

त्या दिवशी मी मोटर लावून येईपर्यंत आई टीव्हीसमोर येऊन बसली होती. पडद्यावर टोनी हॉक उभा.

"अरे, केस पांढरे झालेत की याचे! वय काय?"

"1968 चा जन्म, आई."

"आणि अजून फळीवर उड्या मारतोय? गुडघ्याचं काय करतो हा?"

मी मोठ्या कौतुकाने सांगितलं, की 1999 मध्ये हवेत अडीच गिरक्या घेऊन, म्हणजे पूर्ण नऊशे अंश फिरून, स्पर्धेत नीट उतरणारा हा पहिला. आईला गिरक्यांचं काही नव्हतं. "कधी लागलं नाही?" मग 2022 मध्ये मांडीचं हाड मोडलं, हेही सांगावं लागलं. आई गप्प झाली. पदराने घाम पुसला, खुर्ची पुढे ओढली. मी पुन्हा सुरुवात केली, आणि पहिल्याच कठड्यावरून टोनी तोंडावर आपटला.

"हळू की रे!" आई माझ्यावर खेकसली. "लोकाचं माणूस आहे ते. बायकापोरं असतील त्याला. दे इकडं ते, तुला नाही जमत."