एक, जो झोपला त्याच्यासाठी

गेल्या पावसाळ्यात गुडघे दाखवायला गेलो. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला, मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "फरश्या बसवायचं काम करता का?"

म्हटलं, नाही, बँकेत होतो.

"मग या गुडघ्यांवर एवढं काम केलं कोणी?"

केलं बाबांनी. गुडघे फक्त माझे होते. पण बाहेर चौदा पेशंट खोळंबलेले असताना हे सगळं कुठून सांगायला घेणार?

आमचं घर वसईच्या पश्चिम पट्ट्यातलं. आम्ही कुपारी ख्रिस्ती, नऊ भावंडं, त्यातला मी सातवा. नऊ हा आकडा तेव्हा आमच्या आळीत कोणाच्या डोळ्यांत भरत नसे. शेजारच्या घरात अकरा होती आणि ती आम्हाला कमी माणसांची म्हणून हिणवायची. हाक मारताना बाबांची स्लो लोकल व्हायची. थोरल्यापासून सुरुवात करून एकेक स्टेशन घेत ते माझ्या नावापर्यंत पोचेस्तोवर मी बावखलापलीकडे, म्हणजे वाडीतल्या तळ्यापलीकडे, पसार झालेलो असे.

बाबांचा धंदा फुलांचा आणि केळीचा. पहाटे तीनला उठायचं, करंड्या डोक्यावर घेऊन स्टेशन गाठायचं आणि मालडब्यातून दादरचा फुलबाजार. दहाच्या सुमारास परत आले की अंधार पडेपर्यंत वाडीत. एवढं राबलेल्या माणसानं रात्री साडेआठला ताणून द्यावी, देवानंही काही म्हटलं नसतं. पण साडेआठला बाबा येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीपुढे गुडघे टेकत आणि पाठमोरेच म्हणत, "चला."

त्या 'चला'ला घरात अपील नव्हतं. चुलीवरचा भात आई उतरवून ठेवायची. सुके बोंबील भाजून झालेले असायचे, त्यांचा वास अख्ख्या घरात घुमत असायचा, आणि आम्ही नऊजण उंचीप्रमाणे रांगेत, पोटात कावळे घेऊन, रोझरी म्हणजे मरियामातेची जपमाळ म्हणायचो. जमीन शेणानं सारवलेली होती तोवर ठीक होतं, शेण जरा दया दाखवतं. पुढे घरात शहाबादी फरशी आली. गावानं बाबांचं अभिनंदन केलं. आम्ही मुलं मात्र सुतकात होतो.

आता रोझरीचा हिशेब तसा माफक आहे. त्या त्या वाराची पाच रहस्यं, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातले पाच प्रसंग, प्रत्येकाला दहा 'नमो मारिया', सुरुवातीच्या तीन धरून त्रेपन्न, मध्ये मध्ये 'हे आमच्या बापा'. शहाण्यासुरत्या माणसांच्या घरी वीस मिनिटांत उरकते. त्यावर मरियामातेची लितानी, म्हणजे तिच्या बिरुदांची माळ, घाला, आणखी पाच मिनिटं. लितानी मला आवडायची, कारण तिच्यात हस्तिदंताचा मनोरा, सोन्याचं घर, पहाटेचा तारा असा सगळा ऐवज ओळीनं येतो आणि उपाशी पोरालाही जरा श्रीमंत वाटतं. शिवाय पावसाळ्यात बावखलातले बेडूक आमच्याबरोबर म्हणायचे, तेही एका सुरात. तो सूर आम्हाला कधी जमला नाही.

खरी परीक्षा लितानीनंतर. तिथून बाबांच्या विनंत्या सुरू व्हायच्या. एकेका विनंतीला एक 'नमो मारिया'. जप पुस्तकी मराठीत, विनंत्या मात्र आमच्या घरच्या कादोडी बोलीत. त्या इथे शुद्ध करून देतोय, तेव्हा निम्मी चव गेली असं समजा.

पहिली पोपसाहेबांसाठी. बाबांच्या यादीत नाव चढलं की उतरत नसे. 1978 साली दोन-अडीच महिन्यांत एक पोप वारले, दुसरे आले, ते तेहतीस दिवसांत गेले आणि तिसरे आले. मी तेव्हा चार वर्षांचा होतो, पण थोरली अजून सांगते, त्या ऑक्टोबरात घरात रोज तीन पोपसाठी तीन वेगवेगळ्या म्हणायचो, दोन आत्म्यांना आणि एक चालू. 1998 ला वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तेव्हा आमच्या बिशपांसाठी एक वाढली, पण मुंबईच्या आर्चबिशपांची कमी झाली नाही. "इतकी वर्षं सांभाळलं त्यांनी," बाबा म्हणाले, "आता एकदम तोडायचं?"

मग संत गोन्सालो गार्सिया. वसईचा माणूस, 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर गेला, 1862 मध्ये संत झाला. बाबा त्याच्याबद्दल पलीकडच्या वाडीतला असल्यासारखे बोलायचे. "आपल्याकडचा पोरगा, कुठे त्या जपानात जाऊन क्रुसावर चढला. आणि तुम्हाला अर्धा तास गुडघ्यावर राहवत नाही." यावर काय बोलणार? इथून जपानपर्यंत कोणाकडे उत्तर नव्हतं.

मग विहिरी. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला टँकर आमच्या भागातलं गोडं पाणी ओढून नव्या इमारतींकडे न्यायला लागले आणि कुठे कुठे विहिरी मचूळ व्हायला लागल्या. तेव्हापासून पाणी गोडं राहावं म्हणून एक. मोटार जळू नये म्हणून एक. पाडा व्यालेल्या गायीसाठी एक, गाय विकली त्यानंतरही.

मग कुंपण. "एक, शेजाऱ्याच्या नजरेसाठी, म्हणजे त्याला सरळ रेघ सरळ दिसेल." दोन घरांत भिंत एकच. थोड्या वेळानं पलीकडच्या रोझरीतून खणखणीत आवाज यायचा, "एक, ज्यांच्या केळी दुसऱ्याच्या हद्दीत वाकतात त्यांच्यासाठी." वकिलाची एक पै खर्च न करता हा दावा सव्वीस वर्षं चालला.

आणि मग आम्ही. तिथे बाबा आवाज खाली आणायचे, त्यामुळे सगळ्यांचे कान टवकारायचे. "एक, चौथीसाठी. शुक्रवारी पापडीच्या बाजारातून रिकाम्या हातानं परतायला तीन तास का लागतात, ते निदान देवाला तरी कळू दे." चौथी कानापर्यंत लाल. "एक, सातव्यानं काल जांभळाखाली जे ओढलं, त्याच्या क्षमेसाठी." आई जागच्या जागी सावकाश माझ्याकडे वळली. त्या 'नमो मारिया'त मी जितका मनापासून जीव ओतला, तितका पुढे लग्नातही ओतला नाही. बाबांनी आम्हाला कधी मारलं नाही. गरजच पडली नाही.

पाचवीत असताना फी थकली म्हणून मला वर्गात उभं केलं होतं. मी घरी कोणालाच सांगितलं नाही, पाठच्या भावालासुद्धा नाही. त्या रात्री यादी मोटारीपर्यंत आली, कुंपणापर्यंत आली आणि मग बाबा थोडे थांबले. "एक, जो आज वर्गात उभा राहिला त्याच्यासाठी." नाव घेतलं नाही. मी फरशीकडे बघत म्हणत राहिलो. दुसऱ्या दिवसापासून महिनाभर ते दादरला एक करंडी जास्त नेत होते, हे मला फार उशिरा कळलं. त्यांना कोणी सांगितलं, ते आजतागायत कळलेलं नाही.

यादीची शेवटची मात्र कायम ठरलेली. "आणि एक, जो झोपला त्याच्यासाठी." बाबांची आमच्याकडे पाठ असायची, मागे वळून बघत नसत, तरी रोज कोणी ना कोणी झोपलेलं असायचंच. बाकीचे आठ कोपरानं ढोसून गुन्हेगार शोधायचे. गुन्हेगार दचकून जागा व्हायचा आणि स्वतःसाठीचीच 'नमो मारिया' सगळ्यात मोठ्यानं म्हणायचा. दहातले सहा दिवस तो मीच असायचो.

1988 मध्ये दूरदर्शनवर 'महाभारत' सुरू झालं, रविवारी सकाळी, नेमकं चर्चमधल्या मिस्साच्या वेळेला. आम्ही बाबांपुढे सहाच्या मिस्साचा प्रस्ताव ठेवला. ते लगेच कबूल झाले. आम्ही खूश. पुढे कळलं, सहाच्या मिस्साला स्वतः हजर राहून ते शेजाऱ्याच्या ओट्यावर, आमच्याही आधी, पुढची जागा धरून बसायचे. कुंपणाचा दावा रविवारी तहकूब असे. कर्ण पडला त्या रात्री यादीत एक वाढली. कोणासाठी ते विचारायची छाती झाली नाही.

2002 च्या ऑक्टोबरात मी ठाण्याला बँकेत होतो. बाबांचा फोन आला. "ऐकलंस का? वाढवली!" बँकेत हा सूर आम्ही महागाई भत्त्यासाठी राखून ठेवतो. वाढली होती ती रहस्यं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच नवी घातली, पंधराची वीस झाली. चारशेहून जास्त वर्षं जगानं पंधरावर निभावलं होतं. नवी रहस्यं गुरुवारची ठरली आणि आनंदाची तिथून शनिवारी हलली. बाबांना कोणाला हलवणं जमत नसे. आमच्याकडे गुरुवारी दोन्ही म्हटली जायची. दोन सुनांनी गुरुवारीच माहेरी जायला का सुरुवात केली, त्याचं मूळ यात आहे.

पुढे आम्ही पांगलो. थोरला आणि थोरली वसईत, पाचवा बहारीनला, धाकटी टोरंटोला. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा धाकटीनं टूम काढली, मोबाइलवर सगळ्यांनी एकत्र रोझरी म्हणायची. आमचे साडेआठ म्हणजे बहारीनचे सहा आणि तिची सकाळ. कल्पना छान. पण बहारीन अर्धी ओळ मागे, टोरंटो अख्खी ओळ मागे, ठाण्यात माझ्या मागे कुकरची शिट्टी. थोरला पुढे म्हणायचा आणि मध्येच, आमचीच अवलाद, एखादी गाळायचा. लगेच उशीवरून डोळे मिटल्या मिटल्या बाबांचं एक बोट वर. "नऊच झाल्या." त्यांना स्वतःचं जेवण झालं की नाही हे आठवत नसे तेव्हाची ही गोष्ट.

त्यांची शेवटची रोझरी शुक्रवारी झाली, दुःखाच्या रहस्यांची. मी वसईलाच होतो, त्यांच्या पायथ्याशी, खुर्चीवर. माझे गुडघे तोवर निवृत्त झाले होते. तिसऱ्या रहस्यात बाबांचे ओठ हलायचे थांबले, श्वास संथ लागला. थोरल्यानं घाबरून चौथ्यात दोन गाळल्या. बोट वर आलं नाही.

यादी थोरलीनं म्हटली. तिला सगळी पाठ, आत्म्यांना पोचलेल्या पोपांसकट. विहिरी झाल्या, विकलेली गाय झाली, कुंपण झालं. शेजारी गेल्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. आम्ही नऊ झालो, सुना-जावई झाले, नातवंडं झाली. मग थोरली अडखळली आणि कोणीच काही बोलेना. मोबाइलच्या चौकटींतून सगळे एकमेकांकडे नुसते बघत राहिले.

शेवटी टोरंटोहून धाकटीचा आवाज आला.

"आणि एक, जो झोपला त्याच्यासाठी."

ती आम्ही म्हटली. टोरंटोचं आमेन नेहमीप्रमाणे मागाहून आलं.