रस्त्यात कातळाचा हत्ती आडवा आला तर

अभिनंदन! कोकणातल्या तुमच्या गावच्या सड्यावरून, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरून, रस्ता मंजूर झालाय. नारळ फुटला, फ्लेक्स लागला, त्यावरच्या कार्यसम्राटांना हात जोडायलासुद्धा जागा उरलेली नाही. आता एकच किरकोळ अडचण. सड्यावर म्हणे कातळात काहीतरी कोरलेलं आहे. एखादा हत्ती, दोन-चार मासे, पाय फाकवून उभा असलेला माणूस. हजारो वर्षांपूर्वीच्या कुणा रिकामटेकड्यांनी ते खोदलं आणि नेमकं तुमच्या आखणीत आणून ठेवलं.

घाबरू नका. आमच्याकडे नुकतीच ही अडचण फार सफाईने दूर करण्यात आली आणि तो सोहळा मी जवळून पाहिला. गावाचं नाव लिहीत नाही, कारण लिहिलं तर उरलेल्या चित्रांपर्यंत अभ्यासकांच्या आधी चिरेखाणवाले पोचतील. पण पद्धत सांगतो. कुठल्याही सड्यावर चालेल.

पहिली गोष्ट, नकाशावर रेषा मारून होईपर्यंत सड्यावर पाऊल टाकायचं नाही. संगणकावर उपग्रहाचा फोटो उघडा. वरून सडा काळपट, रिकामा, मोकळा दिसतो. चित्रं दिसतच नाहीत. ती असतात उथळ, वर मातीने आणि वाळक्या गवताने भरलेली. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात रेषा उठून येतात, म्हणून पाहणीचा दौरा भर दुपारी बाराला ठेवावा. गाडीची काच खाली करू नये. पुढे कोंबडी-वडे वाट बघत असतात.

मग सातबारा काढा. तिथे पोटखराबा लिहिलेलं असतं. काही पिकत नाही, म्हणजे तिथे काही नाही, हा महसूल खात्याचा सिद्धांत आहे आणि तो आजवर कुणी खोडलेला नाही. इतर नावं ढीगभर असतात, पण त्यातली निम्मी मुंबईला आणि उरलेली वर. हरकत घ्यायला येणार कोण?

गावातल्या म्हाताऱ्यांशी बोलू नये. त्यांना सगळं ठाऊक असतं. गुरं राखताना लहानपणापासून त्यांनी ती चित्रं पाहिलेली असतात, ‘पांडवांनी काढली’ म्हणून वर्षानुवर्षं त्यावर पाय न देता ते बाजूने गेलेले असतात. असा एखादा आजोबा ‘साहेब, हितं नको’ म्हणालाच, तर त्याला रस्त्याच्या उद्घाटनाला श्रीफळ आणि शाल द्यावी.

तरीही कुणी शिकलेला माणूस आलाच, तर ब्रह्मास्त्र काढा: ‘अधिसूचना दाखवा.’ प्राचीन स्मारकं जपायचा केंद्राचा कायदा 1958 चा, राज्याचा 1960 चा. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे, त्यापुढच्या 200 मीटरवर नियंत्रण आहे. सगळं चोख. पण हे कवच मिळतं ते यादीत नाव असलेल्यांना. कोकणात नवी कातळशिल्पं अजून सापडतायत. जी काल सापडली ती यादीत कुठून असणार? तेव्हा यादीबाहेरचा हत्ती हा कागदोपत्री हत्ती नसून कातळातला खड्डा असतो आणि खड्डे बुजवणं हे तर खात्याचं परमकर्तव्य. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण 2011 ला सुरू झालं, तिथले खड्डे आपण दर गणपतीत हाडांनी मोजतो. आमच्या सड्यावरच्या खड्ड्याभोवती मात्र एका दुपारी भराव पडला. कोण म्हणतं यंत्रणा हलत नाही?

कुणी युनेस्कोचं नाव घेतलं तर दचकू नका. 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली खरी, पण ठिकाणं नऊ. उक्षी, जांभरुण, काशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही रत्नागिरीतली, कुडोपी सिंधुदुर्गात, फणसईमाळ गोव्यात. तुमचा सडा त्यात आहे का? नाही ना? मग टाका मुरूम. (देवाचे गोठण्याला तिथल्या एका चित्रापाशी होकायंत्राची सुई भरकटते. काही कचेऱ्यांमधली सुई कुठल्याही सड्यावर ठेवा, टक्क्यांकडेच वळते.)

काम मे महिन्यात काढावं. चौकशी होईपर्यंत पाऊस लागतो.

आक्षेप घेणाऱ्याला विकासविरोधी म्हणावं. एवढं पुरतं.

आणि आता खरी कलाकुसर. चित्र पूर्ण पुसायचं नाही, दोन फूट सोडायचे. आमच्याकडे तसंच केलं. मी पोचलो तेव्हा पोकलेन उभा होता, हत्तीच्या सोंडेपासून दोन फुटांवर भराव, शेपटीकडे खडीचा ढीग. तिथले साहेब हसतमुखाने म्हणाले, ‘सर, वाचवला की तुमचा हत्ती!’ आभार मानायचं माझं राहूनच गेलं.

अहो साहेब, काय वाचवलंत? कातळात कोरलेल्या रेषेचं वय त्या रेषेतून निघत नाही. कार्बन पद्धतीला कोळसा लागतो, हाड लागतं, कधीकाळी जिवंत असलेलं काहीतरी लागतं. जांभ्यातल्या खाचेत यातलं काय असतं? मग वय ठरवायचं कशावरून? आजूबाजूवरून. खोलगटात साचलेल्या मातीच्या थरांवरून, त्या मातीत मिळाली तर नखाएवढ्या दगडी हत्यारांवरून, जवळपासच्या दुसऱ्या चित्रांवरून. अभ्यासक ही कला मध्याश्मयुगापर्यंत, म्हणजे दगडी हत्यारांच्या काळाच्या मधल्या टप्प्यापर्यंत मागे नेतात, कुणी त्याच्या अलीकडे आणतात. तो वाद मिटवायचा पुरावा कुणाच्या कपाटात नाही, तो हत्तीच्या चारी बाजूंच्या त्या चिमूटभर मातीत आहे. ती तुमच्या जेसीबीने अर्ध्या तासात खरवडली आणि साइडपट्टीला भराव म्हणून पसरली!

आणि चित्र एकटं असतं हे तुम्हाला कुणी सांगितलं? जांभरुणला एकाच जागी पन्नासच्या आसपास आकृत्या आहेत. काशेळीच्या प्रचंड हत्तीच्या पोटात बाकी प्राण्यांची गर्दी आहे. आमच्या हत्तीच्या शेजारी, तुमच्या खडीखाली काय होतं? बघितलंत? झाडू मारलात एकदा तरी? कोकणच्या कातळावर गेंडा कोरलेला आहे, गेंडा! आज इथे कुणाच्या पणज्यालाही न दिसलेला प्राणी कुणीतरी पाहिला होता, इतका नीट की त्याचं शिंग कुठे असतं हे हाताला ठाऊक होतं. तेव्हा इथे गवत कसलं होतं, पाणी किती होतं, ही माणसं कुठून आली, खात काय होती? या प्रश्नांवर तुम्ही रोलर फिरवलात आणि वर मलाच विचारता, वाचवला की!

असो. सल्ल्याकडे वळू. गावकऱ्यांसाठीही एक आहे: चित्र सापडल्याबरोबर गाडी थेट त्यावर चढवा, रेषांत चुना भरा आणि रील टाका.

नाही, आता हे जमत नाही. सरळच बोलतो.

रस्ता नको असं कुणीही म्हटलेलं नाही. ज्या वाडीतून आजारी माणसाला अजून डोलीतून खाली आणावं लागतं तिथे रस्ता कालच व्हायला हवा होता. पण आखणी कागदावर असताना ती पन्नास मीटर सरकवायला खर्च किती येतो? खोडरबर झिजेल तेवढा. सडा एवढा अफाट पसरलाय, वळण द्यायला जागा नव्हती असं तोंड वर करून सांगू नका. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. सांगितलं होतं, लेखी दिलं होतं, फोटो जोडले होते. तो कागद कुणीतरी वाचला, फाईलला लावला आणि दुसऱ्या दिवशी पोकलेन पाठवला. याला अज्ञान म्हणत नाहीत.

सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकुरदेसाई ही माणसं कातळशिल्पांच्या शोधात दहा वर्षांहून जास्त काळ सडे पालथे घालतायत. कुणी गुराखी म्हणाला ‘तिकडे आहे’ की तिकडे, उन्हातान्हात. आणि पगार घेऊन, सरकारी गाडी घेऊन तुम्हाला आखणीच्या रेषेवरून एकदा चालत जाता येत नाही? ज्या राजापूर तालुक्यात दोन वाघांच्या मधे उभा माणूस कोरलेला आहे, त्या बारसूचं नाव देशाला कळलं ते रिफायनरीच्या भांडणामुळे. यातच सगळं आलं.

आणि गावकऱ्यांनो, तुम्ही हसू नका. उक्षीत हत्तीभोवती जांभ्याचं कुंपण आहे, बघायला येणाऱ्याची सोय आहे, तिथलं गाव काही परग्रहावरचं नाही. आपल्याला ग्रामसभेत एक ठराव करायला काय धाड भरली होती? मोबदल्याच्या यादीत आपलं नाव आहे का बघायला सगळे हजर होते.

आता पुढच्या टप्प्याची आखणी व्हायची आहे. त्या वाटेवर आणखी आकृत्या आहेत, त्याच आजोबांनी दाखवल्या. जागांचा नकाशा, फोटो आणि अर्ज ग्रामपंचायतीत, तहसीलला आणि बांधकामाच्या कचेरीत देऊन तिन्हीकडून शिक्क्यासकट पोच घेतली आहे. तेव्हा ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ हे वाक्य या खेपेला दुसऱ्या कुणाला तरी ऐकवा.