कारण विचारणारे तुम्ही कोण?

वडोदऱ्यातल्या एका सरकारी कार्यालयाच्या खिडकीशी परवा मी तिसऱ्यांदा माहितीचा अर्ज घेऊन उभी होते, आणि पलीकडच्या कारकुनाने अर्ज न वाचताच तिसऱ्यांदा तोच प्रश्न केला, "बेन, तमारे आनुं शुं काम छे?" म्हणजे, बाई, तुम्हाला याचे काय काम आहे?

दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत वर्षभरात दोनदा खोदलेल्या गटारावर किती पैसा खर्च झाला आणि झालेल्या कामाची मापे लिहितात त्या मोजमाप पुस्तिकेत काय नोंदले आहे, एवढेच मला हवे आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(२) मध्ये अर्जदाराला कारण विचारता येणार नाही असे स्वच्छ लिहिलेले असताना, स्वतःच्याच कराच्या पैशाचा हिशेब मागणाऱ्या माणसाला दरवेळी चोरासारखे का उभे करता? खरे तर असा तपशील कलम ४ प्रमाणे कुणी न मागताही लोकांपुढे ठेवायचा असतो.

मागच्या अर्जाला तीस दिवसांची मुदत संपता संपता एका ओळीचे उत्तर आले की विषय आमच्या शाखेचा नाही. नसेल, तर पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे अर्ज पाठवणे तुमचे काम होते. सत्तरीतल्या माझ्या सासऱ्यांनी भर उन्हात तीन जिने चढून शाखा शोधत फिरायचे नव्हते. त्या कोरड्या उत्तरावर साधी तारीखही नव्हती, याचा संताप अजून जात नाही.

वरच्या अधिकाऱ्याकडे करायचे पहिले अपील काल रात्रीच लिहून ठेवले आहे.