इंजेक्टर घरी बदलता येतात, पण या मेसेजच्या भरवशावर नाही

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हापुन्हा येतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गाडी मिस मारते (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही आणि इंजिन अडखळतं) म्हणजे इंजेक्टर, म्हणजे इंजिनात इंधन फवारणारा भाग, गेला. पुण्याच्या नाना पेठेतल्या स्पेअरपार्टच्या दुकानातून नवा आणा. पेट्रोल असो की डिझेल, दोन बोल्ट काढले की अर्ध्या तासात काम होतं. ओ रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) आणि वायसर जुनेच चालतात, कोडिंग (नव्या इंजेक्टरची माहिती गाडीच्या कॉम्प्युटरला देणं) हा गॅरेजवाल्यांचा पैसे काढायचा धंदा आहे, आणि गळती बघायला इंजिन चालू ठेवून जोडांवरून हात फिरवा.

माझ्या पेट्रोल गाडीचे चारही इंजेक्टर मी इथल्याच पार्किंगमध्ये बदललेत, त्यामुळे घरी हात लावू नका असं मी म्हणणार नाही. पण हा मेसेज वाचून कुणी डिझेल गाडीचं बॉनेट उघडेल याची मला खरंच भीती वाटते.

सुरुवात शेवटच्या सल्ल्यापासून करतो, कारण त्यात बोट जाऊ शकतं. टायरमध्ये आपण 33 पीएसआय हवा भरतो, म्हणजे सव्वादोन बारच्या आसपास. रांजणगावला बनलेलं 1.3 मल्टिजेट डिझेल इंजिन पुण्यात अजून कितीतरी गाड्यांत आहे. त्याच्या रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीत, दाब हजार बारच्या वर जातो, नव्या डिझेल इंजिनांत 2000 बारच्या आसपास. एवढ्या दाबाची बारीक धार डोळ्याला दिसतही नाही आणि कातडीतून सरळ आत शिरते. वर सुई टोचल्याएवढी खूण राहते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. काही तासांनी बोट सुजतं, तोवर डिझेल आतल्या मांसात पसरलेलं असतं. असं झालंच तर जखम किती छोटी आहे ते बघत बसू नका. तडक हॉस्पिटलमध्ये जा आणि जास्त दाबाचं डिझेल आत गेलंय हे स्पष्ट सांगा, बहुतेक वेळा ताबडतोब ऑपरेशन लागतं. चालू डिझेल इंजिनात रेलच्या आसपास हात न्यायचाच नाही.

म्हणूनच ‘पेट्रोल असो की डिझेल’ हे चूक. साध्या एमपीएफआय पेट्रोल गाडीत (इंजेक्टर पेट्रोल सिलिंडरबाहेर, हवेच्या वाटेत फवारतो) रेलचा दाब तीन-चार बार असतो. इंजिन थंड असताना पेट्रोल पंपाचा फ्यूज काढायचा, इंजिन जागेवरच सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची. तरीही थोडं पेट्रोल सांडतंच, म्हणून जागा मोकळी हवी आणि जवळपास ठिणगी नको. डिझेलचं काम पंप-नोझलवाल्याकडेच, म्हणजे डिझेल पंप आणि इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या.

ओ रिंगचं सांगतो. माझी जुनी रिंग काढली तेव्हा ती एका बाजूने चपटी झाली होती, नखाने दाबली तर केसाएवढी चीर उघडली. तीच परत बसवली असती तर पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकलं असतं. नवी रिंग अगदी स्वस्त मिळते. बसवताना तिला स्वच्छ इंजिन ऑइलचा थेंब लावा, नाहीतर आत सरकताना कापली जाते. डिझेलमध्ये इंजेक्टरच्या बुडाशी तांब्याचा वायसर असतो, तो एकदाच दाबून बसण्यासाठी असतो. जुना ठेवला की सिलिंडरमधला गॅस वर येतो आणि भोवती डांबरासारखा काळा थर धरतो. पुढच्या वेळी इंजेक्टर निघत नाही, आणि ओढताना तुटला तर इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड उतरवावं लागतं.

कोडिंगबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. साध्या पेट्रोल इंजेक्टरला सहसा ते लागत नाही. कॉमन रेल डिझेलमध्ये (एकाच रेलमधून सगळ्या इंजेक्टरना डिझेल जातं) मात्र अनेक इंजेक्टरवर कोड कोरलेला असतो. कारखान्यात तपासताना तो नग किती इंधन सोडतो त्याची ती नोंद असते. ती स्कॅनरने ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला दिली नाही तर आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनचं चालणं) बिघडतं, धूर येतो.

राहिला पहिला मुद्दा. मिस स्पार्क प्लगमुळे, त्याला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉईलमुळे, कमी कॉम्प्रेशनमुळेही (सिलिंडरमध्ये हवा नीट दाबली न गेल्याने) येतो. नवे इंजेक्टर बसवल्यावर दोन वर्षांनी माझी गाडी पुन्हा मिस मारायला लागली. स्कॅनरवर पी0303, म्हणजे तिसरा सिलिंडर. मी तिसरी कॉईल दुसऱ्यावर आणि दुसरी तिसऱ्यावर लावली, बाकी काही हलवलं नाही. कोड पी0302 झाला, म्हणजे दोष कॉईलबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेला. इंजेक्टरला हातही न लावता फक्त कॉईल बदलली आणि गाडी सुरळीत झाली.