खुलासा: कॉफीचा रोजचा डबा फ्रिजमध्ये ठेवू नका

‘कॉफी पावडर फ्रिजमध्ये ठेवा, सहा महिने वास जात नाही’ असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

गार डबा बाहेर काढून उघडला की हवेतलं बाष्प थेट पावडरीवर बसतं. रोज हेच होत राहिलं की आधी चमचा अडकू लागतो, मग गुठळ्या होतात. चिकोरी (एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळांची पूड) मिसळलेली फिल्टर कॉफी तर ओल फारच पटकन धरते. शिवाय झाकण जरा सैल असलं तरी शेजारच्या कापलेल्या कांद्याचा वास कॉफीत उतरतो, आणि तो उकळूनही जात नाही.

दळलेल्या कॉफीचा सुगंध हवा लागली की उडतो. म्हणून एका वेळी 100 ते 200 ग्रॅमच दळून आणा, 2 आठवड्यांत संपवा. घट्ट झाकणाचा लहानसा स्टीलचा डबा, गॅसपासून लांब, कोरडा चमचा. काचेची बरणी असेल तर ती बंद कपाटात.

फ्रीझर चालतो, पण फक्त जास्तीच्या साठ्याला. आठवड्यापुरत्या हवाबंद पुड्या करा. बाहेर काढलेली पुडी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय फोडू नका, आणि फोडलेली परत आत ठेवू नका.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर गेला असेल, तिथे हा खुलासा टाका.